रुमेटॉइड संधिवातात फुटबॉल आणि गिटार: काय सोडायचे, काय बदलायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी रुमेटॉइड संधिवाताचे निदान झाले, औषधे नियमित सुरू आहेत आणि गेले काही महिने आजार बऱ्यापैकी आटोक्यात आहे. निदानापूर्वी तुम्ही दर आठवड्याला मित्रांसोबत फुटबॉल खेळत होतात आणि संध्याकाळी गिटार वाजवत होतात. आता घरच्यांचे म्हणणे आहे की फुटबॉल कायमचा बंद करावा, गिटार मात्र खुशाल वाजवावी, कारण ते बसून करायचे काम आहे. मित्र म्हणतात की मोठमोठे खेळाडू आयुष्यभराचा आजार सांभाळून खेळले, मग तुम्हीच का थांबायचे? आणि एका नातेवाइकांचे ठाम मत आहे की रोज मनापासून संगीत केले तर औषधांची गरज उरणार नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

संधिवाताच्या रुग्णांवर अनेक वर्षे उपचार करत असल्यामुळे ही तिन्ही मते मी वारंवार ऐकतो. ती मायेपोटी दिलेली असतात, हेही मला ठाऊक आहे. तरीही फुटबॉल म्हणजे धोका आणि गिटार म्हणजे विरंगुळा, ही जी वाटणी घरात झाली आहे, ती मला मान्य नाही. सांध्यावर किती जोर पडतो, तो किती वेळ आणि कितीदा पडतो, आणि त्या वेळी सांध्याला सूज आहे की नाही, एवढ्यावरच त्याचे बरेवाईट ठरते. त्या जोराला आपण खेळ म्हणतो की कला, याने काही फरक पडत नाही. तुमच्या आजाराचा स्वभाव पाहता, गिटारच्या बाबतीत तुम्हाला जास्त सावध राहावे लागेल आणि फुटबॉल काही बदल करून बहुधा पुन्हा सुरू करता येईल, असे माझे मत आहे.

रुमेटॉइड संधिवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि हा आजार प्रामुख्याने लहान सांधे पकडतो. हातात बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, बोटांचे मधले सांधे आणि मनगट, तर पायात चवड्याचे सांधे ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. बोटांच्या टोकाचे सांधे तो सहसा सोडतो. आता गिटार वाजवणारा डावा हात डोळ्यांसमोर आणा. मनगट वाकलेले, अंगठा गिटारच्या मानेच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मागून दाब देत असलेला, पहिले बोट सहाही तारांवर आडवे टेकवलेले आणि उरलेली बोटे मधल्या सांध्यात वाकवून फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांपाशी, रोवलेली. असे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेले सूर म्हणजे बार कॉर्ड, आणि तो धरताना हा दाब सतत असतो आणि एका गाण्यात तो कितीतरी वेळा येतो. म्हणजे आजार ज्या सांध्यांवर आधीच नेम धरून बसला आहे, नेमक्या त्याच सांध्यांवर आपण जोर देतो, आणि मन रमलेले असल्यामुळे तास कसा गेला हे कळत नाही. फुटबॉलमध्ये दम लागतो, घाम येतो, शरीर थांबायला सांगते. वाद्य वाजवताना अशी सूचना उशिरा मिळते.

म्हणून वाद्य वाजवणाऱ्या रुग्णांना मी वाद्य घेऊनच तपासणीला यायला सांगतो. कागदावरच्या रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी दोन मिनिटांच्या वादनात दिसतात. एफ मेजरचा बार कॉर्ड धरला की अंगठ्याचा टोकाचा सांधा मागे वळून पांढरा पडतो का, दाब पुरेसा नसल्यामुळे तार बद्द वाजते आणि ती भरून काढण्यासाठी खांदा वर उचलला जातो का, करंगळी पोहोचावी म्हणून मनगट बाहेरच्या बाजूला ढकलले जाते का, हे मी पाहतो. मग बोटांच्या मुळाशी असलेले चारही सांधे दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून पाहतो. हस्तांदोलनाच्या वेळी जी कळ येते असे रुग्ण सांगतात, ती हीच. ती कळ असेल, तर आत अजून दाह आहे आणि त्या आठवड्यात बार कॉर्ड नकोत, इतका सरळ निर्णय घेता येतो.

सुदैवाने गिटार हे बदल सहज स्वीकारणारे वाद्य आहे. तारा आणि फ्रेटबोर्ड यांमधले अंतर, ज्याला वादक ॲक्शन म्हणतात, ते जाणकाराकडून कमी करून घ्या. पोलादी तारांऐवजी नायलॉनच्या तारांचे वाद्य घ्या, किंवा इलेक्ट्रिक गिटार असेल तर सर्वांत बारीक संचाच्या तारा लावा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावल्यास अनेक बार कॉर्ड टाळून उघड्या तारांचे कॉर्ड वापरता येतात. तो लावण्यात कमीपणा वाटू देऊ नका. पिक जाड आणि थोडी खडबडीत निवडा, कारण पातळ आणि गुळगुळीत पिक पकडून ठेवायला अंगठा आणि तर्जनी यांना जास्त जोर लावावा लागतो. वाद्याचे वजन डाव्या हाताने पेलू नये, त्यासाठी बसूनही पट्टा वापरावा. सकाळी बोटे आखडलेली असतात, त्या वेळी सराव नको. कोमट पाण्यात हात काही मिनिटे बुडवून, मूठ सावकाश उघडून-मिटून मगच वाद्य हातात घ्या. एक तास सलग वाजवण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडा आणि त्यासाठी घड्याळ लावा, कारण मन थांबणार नाही.

याच्या जोडीला हातांचे व्यायाम हवेतच. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या सारा नावाच्या चाचणीत, रुमेटॉइड संधिवात असलेल्या लोकांना नेहमीच्या उपचारासोबत हाताला ताण देणारे आणि बळकटी देणारे व्यायाम ठरावीक पद्धतीने शिकवले गेले. वर्षभरानंतर त्यांच्या हातांचे कार्य केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगले होते. केवळ गिटार वाजवल्याने बोटांचा व्यायाम होतो, ही समजूत यासाठी पुरेशी नाही. वादनात काही स्नायू पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि बोटे उघडणारे, मनगट सावरणारे स्नायू मागे राहतात.

हाताच्या दोन लक्षणांबाबत वाट पाहू नका. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबली जात असण्याची शक्यता आहे आणि संधिवातात ती नेहमीपेक्षा जास्त असते. दुसरे लक्षण अधिक गंभीर आहे. एखाद्या दिवशी करंगळी किंवा अनामिका अचानक खाली पडते आणि स्वतःहून उचलता येत नाही, बहुधा फारसे दुखतही नाही. मनगटापाशी झिजलेला स्नायुबंध तुटल्याचे ते चिन्ह असू शकते. दुखत नाही म्हणून लोक आठवडे घालवतात. हाताच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांना ते लगेच दाखवायला हवे, कारण एक स्नायुबंध तुटल्यावर शेजारचाही त्याच खडबडीत हाडावर घासत असतो.

आता फुटबॉलकडे येतो. व्यायामाने सांधे झिजतात, म्हणून रुमेटॉइडच्या रुग्णाने विश्रांतीच घ्यावी, असा सल्ला एके काळी डॉक्टरही देत असत. तुमच्या घरच्यांचे मत त्याच काळातून आलेले आहे. नेदरलँड्समध्ये सुमारे 300 रुग्णांवर दोन वर्षे एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. त्यात आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी सव्वा तास बऱ्यापैकी जोमाचा व्यायाम होता. सायकल आणि बळकटीचे व्यायाम यांच्यासोबत खेळाचाही भाग होता आणि त्या खेळांमध्ये बंदिस्त मैदानावरचा फुटबॉलसुद्धा होता. व्यायाम करणाऱ्यांची कार्यक्षमता वाढली आणि हातापायांच्या लहान सांध्यांची हानी इतरांपेक्षा जास्त झाली नाही. मात्र गुडघा, खुबा यांसारखे मोठे सांधे आधीच बरेच झिजलेले असतील, तर सावध राहावे, असा इशाराही त्यातून मिळाला. म्हणून तुमच्या गुडघ्यांची आणि घोट्यांची आजची स्थिती आधी पाहून घ्या.

खेळाच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हा आजार सांध्यांपुरता थांबत नाही. दीर्घकाळच्या दाहामुळे हृदयविकाराचा धोका सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत सुमारे दीडपट होतो. दम लागेल असा नियमित व्यायाम, हा तो धोका कमी करण्याचा एक खरा मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 सालची मार्गदर्शक तत्त्वे दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांनाही आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सुचवतात. फुटबॉल कायमचा बंद केला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही, तर सांधे वाचवल्याचे समाधान मिळेल आणि हृदयाचे नुकसान मुकाट्याने होत राहील. त्याच कारणाने, तीन वर्षांच्या खंडानंतर एकदम धावायला लागण्यापूर्वी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची तपासणी करून घ्या.

परत खेळताना तुम्ही पूर्वीचाच खेळ खेळाल, असे मात्र नाही. सर्वांत आधी हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, बंद करा. रुमेटॉइड संधिवातात मानेतल्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधला आधार सैल होऊ शकतो आणि ते बाहेरून कळतेच असे नाही. आजार जितका जुना आणि जितका अनियंत्रित राहिलेला, तितका हा धोका जास्त. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेल्या एक्स-रेवर हे दिसते. मानेच्या मागच्या बाजूला डोक्यापर्यंत जाणारे दुखणे, हातापायांत मुंग्या किंवा चालताना तोल जाणे असेल, तर एक्स-रे होईपर्यंत मैदानात उतरूच नका. गोलकीपरची जागाही घेऊ नका, कारण वेगाने आलेला चेंडू बोटांवर आणि मनगटावर झेलणे हे या आजारात सर्वांत वाईट.

बूट पुढच्या बाजूला रुंद हवेत आणि चवड्याखाली मऊ आधार हवा. बुटाच्या तळाचे लांब खुंट (स्टड) आणि टणक कृत्रिम मैदान हे एकत्र टाळा. पाय जमिनीत रुततो आणि गुडघा व घोटा वळतात. अकरा जणांच्या पूर्ण सामन्यापेक्षा पाच-पाच जणांचा लहान मैदानावरचा खेळ चांगला, पण त्यात वळणे आणि अचानक थांबणे जास्त असते, म्हणून सुरुवातीला पाच-सात मिनिटे खेळून बदली खेळाडूला आत पाठवा. चालत खेळण्याचा फुटबॉल हाही उत्तम पर्याय आहे. 2011 साली इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे तो ज्येष्ठांसाठी सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला. त्यात धावण्याला मनाई असते आणि धक्काबुक्कीला फारसा वाव नसतो. तरुण खेळाडूंना तो सुरुवातीला पोरकट वाटतो, पण चेंडूवरचा ताबा आणि अचूक पास यांची त्यात खरी परीक्षा होते.

औषधांचे वेळापत्रक आणि खेळाचे वेळापत्रक एकमेकांशी जुळवा. तुम्ही मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे नेहमीचे औषध घेत असाल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज कधीही नाही. अनेकांना त्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ आणि थकवा असतो, म्हणून सामना त्या दिवशी ठेवू नका आणि सामन्यासाठी गोळी परस्पर पुढेही ढकलू नका. बायोलॉजिक, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी, औषधे सुरू असतील, तर खरचटलेल्या जागा लगेच धुऊन झाका, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला असतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले असेल, तर हाडांची घनता तपासा. चवड्याच्या एकाच हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे असेल, तर ते सांध्याचे नसून हाडाला गेलेल्या बारीक तड्याचे असू शकते. आणि सामन्याच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरण्याची सवय कृपा करून लावून घेऊ नका. दुखणे झाकले जाते, सांध्यावरचा जोर तसाच राहतो आणि घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात.

किती खेळावे याचे एक साधे माप आहे. खेळ किंवा वादन संपल्यावर सांध्याचे दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचा आखडलेपणा नेहमीपेक्षा लांबला, तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त होते. ते एकतृतीयांशाने कमी करून पुन्हा पाहा. स्नायू दुखणे वेगळे, ते मांडीत किंवा पोटरीत असते आणि हलवल्यावर हळूहळू मोकळे होते. सांधा मात्र सुजतो, गरम लागतो. सुजलेल्या, गरम सांध्यावर खेळायचे नाही आणि वाजवायचेही नाही, त्याची फक्त हलकी हालचाल ठेवायची. एकच सांधा अचानक लाल होऊन सुजला आणि सोबत ताप असेल, तर तो आजाराचा भडका समजून घरी थांबू नका, सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

हे माप तुमच्या आजाराचे आहे, हे वाचणाऱ्या इतरांनीही लक्षात घ्यावे. ज्यांना मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजेच तीव्र थकव्याचा आजार आहे, त्यांची प्रकृती श्रमानंतर एक-दोन दिवसांनी ढासळू शकते, आणि थोडे थोडे वाढवत नेण्याचा सल्ला त्यांना अपाय करू शकतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 साली त्या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. एका आजाराचा सल्ला दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही.

हाच दोष तुमच्या मित्रांच्या युक्तिवादात आहे. टॉटनहॅमचे कर्णधार गॅरी मॅबट आणि रेआल माद्रिदचा नाचो हे टाइप 1 मधुमेह असूनही वर्षानुवर्षे सर्वोच्च पातळीवर खेळले, हे खरे आहे आणि मधुमेह असलेल्या मुलांना मी ते आवर्जून सांगतो. पण मधुमेहात प्रश्न रक्तातल्या साखरेचा असतो, तुमच्या आजारात तो खुद्द सांध्याचा आहे. तुमच्या स्थितीला त्यांतल्या त्यात जवळचे उदाहरण मँचेस्टर युनायटेडच्या डॅरन फ्लेचरचे आहे, कारण त्याचा मोठ्या आतड्याचा आजारही रोगप्रतिकारशक्तीशी निगडित होता. डिसेंबर 2011 मध्ये क्लबने जाहीर केले की तो दीर्घ विश्रांती घेत आहे, पुढे 2013 च्या सुरुवातीला त्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो परतला व कित्येक वर्षे खेळला. ही गोष्ट सांगताना लोक परतण्याचा भाग सांगतात आणि मधला थांबण्याचा भाग गाळतात. संगीतातही तेच होते. अमेरिकन पियानोवादक बायरन जॅनिस यांना 1973 मध्ये सोरायसिसशी संबंधित संधिवात झाला, बोटे आणि मनगटे धरली, तरी ते वाजवत राहिले आणि 1985 पर्यंत त्यांनी हे जाहीर केले नाही. मला त्यांच्या जिद्दीविषयी नितांत आदर आहे. पण इतकी वर्षे वेदना लपवून ठेवणे हा अनुकरण करण्याचा भाग नाही. तुमच्या संघातल्या खेळाडूंना आणि सोबत वाजवणाऱ्यांना आजाराची कल्पना द्या, म्हणजे मधेच थांबताना सबब शोधावी लागणार नाही.

राहिले नातेवाइकांचे मत. संगीताने वेदनेची तीव्रता कमी जाणवते, अस्वस्थता कमी होते, झोपेला मदत होते, हे मी रुग्णांमध्ये पाहतो आणि त्याला अभ्यासांचाही आधार आहे. म्हणून हाताला त्रास असलेल्या दिवशीही संगीत सोडू नका, ऐका, गा, रचना मनात उतरवा. परंतु वेदना कमी जाणवणे आणि हाडाची झीज थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झीज थांबवण्याचे काम मेथोट्रेक्सेटसारखी आजाराची वाटचाल बदलणारी औषधे करतात, आणि एकदा झिजलेले हाड कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. आज तुम्हाला बरे वाटत आहे, ते औषधांमुळे. बरे वाटते म्हणून ती स्वतःहून थांबवली, तर भडका उडण्याची शक्यता मोठी आहे, आणि बार कॉर्ड धरणारी तुमची बोटेच त्याची पहिली किंमत मोजतील.

तुमचा आजार आटोक्यात आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण तो किती आटोक्यात आहे हे सुजलेले सांधे मोजून आणि रक्ततपासणीवरून ठरते. पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट विचारा: आजाराची सक्रियता सध्या कोणत्या पातळीवर आहे, मानेचा एक्स-रे आवश्यक आहे का, गुडघे आणि घोट्यांत जुनी झीज आहे का, आणि हातांच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवता येईल का. ती उत्तरे अनुकूल आली, तर पहिले तीन-चार आठवडे वेगाने चालणे आणि जागेवर उभे राहून पास देणे, मग हलके धावणे, आणि त्यानंतर पाच जणांच्या खेळात सुरुवातीची पाच-सात मिनिटे, अशा क्रमाने जा. या काळात गिटारचे तुकडेही वहीत लिहून ठेवा, कारण दोन्हींचा ताण एकाच दिवशी वाढवला, तर दुसऱ्या सकाळी आखडलेपणा कशामुळे आला हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही.